आवाजाची नस

सासूबाईंच्या गळ्यातली गाठ काढून झाली, पण आवाजाची नस त्या गाठीलाच चिकटलेली होती. "एक शब्द बोला, म्हणजे नस शाबूत आहे का ते कळेल," डॉक्टरांनी तिसऱ्यांदा विनवले. जिच्या एका हाकेसरशी सारे घर उभे राहायचे, त्या बाईने ओठ घट्ट मिटून घेतले होते. आवाज उमटलाच नाही तर?

सून पुढे झाली आणि तिने त्यांच्या अंगावर शाल घातली, ती नेमकी उलट्या बाजूने.

"अगं, डोळे फुटले का तुझे? उलट-सुलट कळेना होय?"

आवाज किंचित घोगरा होता, पण ठसका तोच.

"चुकलं, आई." सुनेने निमूटपणे शाल सुलटी केली.

बावीस वर्षांत तिच्या हातून अशी चूक एकदाही झाली नव्हती, हे सासूबाईंच्या तेव्हा कुठे ध्यानात आले.