शनिवारची हवा

दर शनिवारी आरेच्या रस्त्यात जॉनीच्या पिकअपच्या टायरमधली हवा जायची आणि त्याला घरी यायला उशीर व्हायचा. शेवटी बायकोच, मार्सेलिना, त्याला अंधेरीच्या दुकानात घेऊन गेली, गाडीत ठेवायचा कॉम्प्रेसर घ्यायला.

"एवढी घाई काय आहे? बघू पुढच्या महिन्यात," जॉनी म्हणत होता.

दुकानदाराने तीन कॉम्प्रेसर काउंटरवर मांडले. प्रेशर, वायरची लांबी, वॉरंटी, सगळं सांगून झालं. मार्सेलिनाने एकच विचारलं, "आवाज किती करतात?"

"हा घ्या मॅडम, एकदम शांत. बाजूला कोणी झोपलं असेल तरी कळणार नाही."

"नको. सगळ्यात जास्त ओरडणारा दाखवा."

तिसरा सुरू केला, तशी समोरच्या बेकरीतली माणसं बाहेर येऊन बघायला लागली.

"हाच बांधून द्या," मार्सेलिना म्हणाली.

"अगं, बहिरा होईन मी," जॉनी कुरकुरला.

"होऊ दे. शनिवारी हवा गेली म्हणून फोन करतोस ना, तेव्हा मला हा ऐकव. आजवर मागून नुसता पत्ते पिसल्याचा आवाज आलाय."