उलटवलेला सापळा

सापळा आजही उलटा पडला होता. वर कोल्ह्याची वाळकी विष्ठा, सही केल्यासारखी. सलग सहाव्यांदा.

अल्सीदने आजूबाजूला पाहिलं. बर्फात ठसे होते ते फक्त त्याच्या स्वतःच्या, बर्फावर चालायच्या जाळीदार जोड्यांचे.

"हुशार कोल्हा माणसाच्या वाटेनंच चालतो," घरी स्टोव्हपाशी बसलेला त्याचा बाप इसिडोर म्हणाला. "पाय रुतत नाहीत. सापळा कुठं लावला होतास?"

"आमिषाच्या खड्ड्यापासून वीतभर अलीकडे, जरा डावीकडे. तुम्ही सांगितलंत तसाच."

"मग हाताला रॉकेलचा वास येत असणार."

वास जावा म्हणून अल्सीदने सापळे झाडाच्या सालीच्या पाण्यात उकळले होते. हातमोजे नवे घेतले होते. कोल्ह्याला त्याचं काही कौतुक नव्हतं.

सापळे लावायचा जंगलातला हा पट्टा इसिडोरच्या नावावर होता, पन्नास वर्षं. ठरलं असं होतं, की अल्सीदने पहिला कोल्हा धरला की म्हाताऱ्याने पट्टा त्याच्या नावे करायचा आणि शहरात लेकीकडे, चौथ्या मजल्यावर राहायला जायचं. लेकीने खोलीला रंगही दिला होता. म्हातारा बिनतक्रार कबूल झाला होता. गुडघे गेल्यापासून सरपणाच्या ढिगापर्यंतही त्याची मजल नव्हती. हंगाम रविवारी संपत होता.

"तो माझी थट्टा करतोय, बाबा!"

"करणारच. एकदा मलाही असाच एक भेटला होता. उकरायला बसायचा त्याच जागी मी दुसरा सापळा पुरला. दुसऱ्या दिवशी कातडं खुंटीवर."

"मग मीही तसंच करतो."

"तुला नाही जमायचं. नाजूक काम आहे ते."

 स्टोव्हवर म्हाताऱ्याचे मूस हरणाच्या कातड्याचे हातमोजे वाळत होते. मनगटावर निळ्या मण्यांची फुलं, आईने शिवलेली. ते बाजूला सारून अल्सीदने किटली ठेवली.

दुसऱ्या दिवशी त्याने दोन सापळे लावले आणि बापाला एकच सांगितला. मग रोजच्यासारखा दुपारी तळ्यावर जाळी काढायला गेला.

"आज भाकरी तूच थाप," संध्याकाळी म्हातारा म्हणाला. हात घोंगडीत होते. "थंडीनं बोटं आखडलीत."

"तरी म्हणतो, चौथ्या मजल्यावर ऊब असेल."

"असेल की."

सकाळी पहिला सापळा जागच्या जागी होता. दुसऱ्याची साखळी ताणलेली होती.  गुडघे टेकून अल्सीदने वरचं बर्फ झटकलं.

सापळ्याच्या जबड्यात उजव्या हाताचा मोजा होता. मनगटावर निळ्या मण्यांची फुलं.