दुहेरी टीप

"तू बोलू नकोस. तू बोललीस तर पैसे राहतील बाजूला, उलट त्यांनाच चहाला बोलावशील," असं म्हणत कटिंग मास्तरांनी बायकोच्या हातातून फोन काढून घेतला आणि स्पीकर लावला.

वीस वर्षं पायांनी मशीन मारून तिच्या, म्हणजे शिंपीणबाईंच्या, गुडघ्यांचा पार भुगा झाला होता. मशीनला मोटर बसवा, नाहीतर काम सोडा, असं डॉक्टरांनी स्पष्ट सांगितलं होतं. आज मोटर आणायला निघायचं म्हणून खात्यात बघतात तर काय, पैसे कमी! गोरगरिबांना मच्छरदाण्या वाटणाऱ्या संस्थेने सहा महिने देणगी म्हणून एकीऐवजी दोन-दोन मच्छरदाण्यांचे पैसे कापले होते.

"बाई, आम्ही महिन्याला एकच कबूल केली होती," मास्तर कडाडले. "ही दुसरी कुणाला विचारून घेतलीत?"

पलीकडून कागद चाळल्याचा आवाज आला. "पण तुमच्या फॉर्मवर 'टीप'च्या रकान्यात 'दुहेरी' असं लिहिलंय. आम्हाला वाटलं, दुप्पट."

मास्तरांनी बायकोकडे पाहिलं.

"मग काय लिहायचं होतं?" शिंपीणबाई फणकारल्या. "टीप कशी हवी विचारलं, सांगितलं दुहेरी. झोपेत पोरं ओढणार, लाथा मारणार. एकेरी टीप चार दिवसांत उसवते. त्यांच्या त्या टिपेचा अर्थ काहीतरी भलताच असेल, हे मला काय माहीत!"

पलीकडच्या मुलीला हसू फुटलं. मग ती ओशाळली. "चूक आमचीच. आम्ही विचारायला हवं होतं. जादाचे सगळे पैसे आजच परत करते. फक्त उद्या माल निघतोय, त्यातून तुमच्या सहा मच्छरदाण्या काढून ठेवायला सांगते."

"माल कुठे निघालाय?" मास्तरांनी विचारलं. विचारायची काही गरज नव्हती.

"दलदलीतलं गाव आहे. दरवर्षी तापाने तिथली लहान मुलं जातात. घराला दोन देतोय. आता सहा घरांना एकेक जाईल."

"घरात माणसं किती?"

"आठ तरी असतातच."

"आणि मच्छरदाणीचं माप?"

"सहा फूट बाय पाच."

माप कानावर पडलं की मास्तरांचा हात खडूकडे जायचाच. फोन मशीनवर ठेवून ते खाली बसले, फरशीवर टेपने मोजून एक चौकट आखली. आत रेघा मारत गेले, रेघ म्हणजे माणूस, आखूड रेघ म्हणजे पोर. तीन रेघांतच जागा भरली, चौथीचं टोक चौकटीबाहेर गेलं. त्यांनी शेजारी दुसरी चौकट आखली, तिथेही तेच.

पलीकडची मुलगी दोनदा 'हॅलो' म्हणाली.

मास्तर उठले नाहीत. समोर बायकोचा सुजलेला गुडघा होता. आधी मोटर, असा त्यांनी तिला शब्द दिला होता. त्यांना फार वाईट वाटलं.

"माझ्या गुडघ्याकडे काय बघताय?" शिंपीणबाई म्हणाल्या. "मोटर काय, दुकानात आहे, पळून जात नाही. पोरगी खोळंबलीय तिकडे. बोला."

मास्तरांनी फोन उचलला. मघाचा आवाज आता कुठल्या कुठे गेला होता.

"ताई," ते म्हणाले, "त्या सहा काढू नका. दोन लावल्या तरी दोघांचे पाय बाहेर राहतायत हो."