शिंपल्याचं बारसं

“आये, तुझं माहेरचं नाव काय?” प्राप्तीनं विचारलं आणि सत्यवतीच्या विळीवरचा शिंपला तसाच अर्धा उघडा राहिला.

पडवीत तिच्यासमोर लेकीनं हिमालयातून आणलेला दगड होता. करडा चुनखडक, आणि त्यात रुतून बसलेला शिंपला. खाडीतून सकाळी आणलेल्या शिंपल्यांचाच भाऊबंद वाटावा असा. त्याच्या जोडीला सापडलेल्या ओळखीच्या शिंपल्यांवरून म्हणे अख्ख्या खडकाचं वय कळलं. एकोणचाळीस कोटी वर्षं! सत्यवतीला स्वतःचं वय धड सांगता येत नव्हतं.

“खडकाला जवळच्या गावाचं नाव द्यायची रीत आहे. ते दिलं,” प्राप्ती म्हणाली. “पण हा शिंपला नवा आहे, आजवर कुणाला सापडला नव्हता. याला माणसाचं नाव चालतं. मला तुझं द्यायचंय.”

“मंग सत्यवती लाव.”

“ते लग्नात बाबांनी ठेवलेलं. त्याआधीचं?”

सत्यवतीनं चोरून नवऱ्याकडे पाहिलं. नामा पाठ करून बाजेवर पडला होता. याच माणसानं भर मांडवात ताटातल्या तांदळांवर अंगठीनं नवं नाव लिहिलं, आणि जुनं तिथंच राहिलं. ते नाव घेणारी शेवटची एक चौलची आत्या, तीही प्राप्तीच्या जन्माआधी गेली. अजून ते आठवलं की सत्यवतीला भरून यायचं. पण आता उकरून काढलं तर म्हाताऱ्याला वाईट वाटेल, याचीच तिला धास्ती.

“ऱ्हाऊ दे गो. कोनाला ठावं हाय आता?”

“मना ठावं हाय,” बाजेवरून आवाज आला.

दोघी चपापल्या. नामाला ऐकू कमी यायचं. सोयीचं मात्र बरोबर ऐकू यायचं.

“भटजीनं सत्यवती सांगितलं, मी लिवलं,” तो उठून बसत म्हणाला. “पर मागनी घालाया आलो, तवा तुजी आत्या तुला हाका मारीत व्हती. रंगू. चांगलं नाव व्हतं. त्येच लाव गो पोरी.”

सत्यवतीचे डोळे भरले. इतकी वर्षं यानं ते जपून ठेवलं, आणि एका शब्दानं बोलला नाही!

“रंगू!” नामानं हाक मारली. जन्मभर ‘अगो’च्या पुढे न गेलेल्या माणसानं.

“ओ,” तिच्या तोंडून निघून गेलं.

नामानं कानामागे हात धरला. ऐकू आलं नसावं, किंवा तसं सोंग असावं. त्यानं पुन्हा हाक मारली.