भुऱ्यासाठी डॉक्टर

“हात न लावता लिवता तुमी! जिता असो का मेला, हात न लावता!”

देवाजी ओरडले तरी जनावरांच्या सरकारी दवाखान्यातल्या माणसाने पेन खाली ठेवलं नाही. टेबलावर पडलेल्या भुऱ्याकडे त्याने एकदाच पाहिलं होतं, तेही खुर्चीतून. “जंत हैं,” म्हणाला आणि गोळ्या पुढे सरकवल्या. फुकट होत्या.

देवाजींनी गोळ्या तिथेच सोडल्या. कुत्र्याला गोणपाटात गुंडाळून बाहेर आले. सून वंदना स्कूटी घेऊन उभी होती.

“मामाजी, गोळ्या तं घ्यायच्या होत्या.”

“ज्यानं पाहलंच नाई, त्याची गोळी कायले?”

भुऱ्या आधी नुसता ओकत होता. मग झटके सुरू झाले. डोळे उघडे असून भिंतीला धडकायचा. हा पीयूषचा कुत्रा. पीयूष, देवाजींचा एकुलता एक मुलगा, होळीच्या आधी गेला. कुम्हारीला जुन्या बॅटऱ्या फोडून वितळवायच्या शेडमध्ये कामाला होता. भुऱ्या रोज बाईकच्या टाकीवर बसून त्याच्याबरोबर जायचा, दिवसभर तिथेच लोळायचा. दोघं एकाच डब्यातून जेवायचे. संध्याकाळी दोघंही सरळ घरी. डबा वंदना भरायची, दोन पोळ्या जास्तीच्या. नवऱ्याची म्हणावी अशी एवढी एकच जिती गोष्ट आता तिच्याकडे उरली होती.

रुआबांध्याच्या त्यांच्या गल्लीत लोक पाठीमागे बोलत. शेजारचा चिंधू तोंडावर बोलायचा.

“काका, दारूड्याच्या कुत्र्यापायी पेन्शन फुकून राहिले का?”

वंदनाने मान खाली घातली. एरवी देवाजींनी चपलेनं उत्तर दिलं असतं. त्या दिवशी ते नुसते चालत राहिले.

सेक्टर सहाचा डॉक्टर चांगला निघाला. एसी, स्वच्छ टेबल, हातात मोजे. देवाजी स्टील प्लांटमधून रिटायर झालेत म्हटल्यावर फी अर्धी केली. वंदनाच्या जिवात जीव आला.

“बड़े लोगों के कुत्ते भी आते होंगे साहब, आपके पास?” देवाजींनी सहज विचारलं.

“अरे दादा, कुम्हारी के सारे सेठों के मैं ही देखता हूँ.”

देवाजींनी भुऱ्याला उचललं.

“आता काय झालं जी?” वंदना त्यांच्यामागे धावली.

“इथं नाई.”

“अर्ध्या पैशात पाहून राहिले होते ते! तुमाले पायजे तरी कसा डॉक्टर?”

“ज्याले कोनाची भीड नाई, असा.”

म्हाताऱ्याचं डोकं फिरलं, असं वंदनाला वाटलं. पोरगा गेल्यावर कोणाचं फिरणार नाही?

तिसरी डॉक्टर मोना. मराठी घरातली पोरगी, भाड्याच्या एका गाळ्यावर नवाच बोर्ड. एसी नाही, फीत सूटही नाही. पण तिने भुऱ्याचं तोंड उघडून पाहिलं, पोट दाबलं, डोळ्यांवर टॉर्च मारला, पाय ताणून पाहिले. देवाजी तिच्या हातांकडे बघत राहिले.

“विषाचा प्रकार वाटते, काका. कोन्तं विष, ते रक्त बाहेर पाठवल्यावरच समजन. पण ती टेस्ट लय महाग आहे. माझं ऐका, ती राहू द्या. मी अंदाजानं आजच इलाज सुरू करते. तेवढ्याच पैशात वाचू शकते हा.”

“टेस्ट करा.”

“आणि इलाज?”

“दोन्ही नाई जमत, बाई. टेस्ट.”

“रिपोर्ट येईपर्यंत हा राहणार नाही, काका. मी सांगून ठेवते.”

“रक्त काढा.”

वंदना मध्ये पडली. “वाचून राहिला तं मारता कावून? मामाजी, माह्याजवळ दुसरं काय आहे?”

देवाजींनी तिच्याकडे पाहिलं नाही. त्यांनी भुऱ्याचा पाय धरला आणि मोनाच्या पुढे केला. सुई गेली तेव्हा भुऱ्याने त्यांचाच हात चाटला.

मोनाने स्वतःच्या पदराला खार लावून एक सलाईन चढवलं. पुरलं नाही. रिपोर्ट यायच्या आधीच भुऱ्या गेला.

वंदनाने सासऱ्याशी बोलणं सोडलं. ताट आपटून ठेवायची आणि आत निघून जायची.

मग एका सकाळी ते धुतलेला सदरा घालून तिच्या दाराशी उभे राहिले.

“चाल. एका ऑफिसात जायचं आहे. डॉक्टरीनबाई बी येऊन राहिल्या.”

त्या जंतवाल्याची तक्रार असेल, तिला वाटलं. कुत्रा मारून आता तक्रार. तरी ती गेली.

मोठं टेबल होतं, त्यामागे साहेब. मोनाने कुत्र्याचं नाव काढताच तो हसला.

“मैडम, यहाँ मजदूरों के मामले आते हैं. कुत्तों के नहीं.”

“सांगा बाई तुमी,” देवाजी म्हणाले.

“उसके खून में सीसा निकला है, सर. बैटरी वाला सीसा. इतना, कि आदमी भी न बचे.”

साहेबाचं हसू थांबलं. “तो?”

देवाजी हिंदीत बोलायचं विसरले.

“त्याच शिशानं माह्या पीयूषले असेच झटके आले होते. तुमच्या मानसानं हात न लावता लिवलं, दारूनं मेला. तुमी सही ठोकली. पोराले जाळून बसलो, त्याचं रक्त आता कोठून आनू? त्याच्या डब्यात जेवनारा, त्याच्या शेडमधी लोळनारा हा एकच उरला होता. म्हनून ह्याले मरू देलं म्या. आता बोला साहेब, माहा भुऱ्या कोन्ती दारू पेत होता?”