पाठमोरा

"पुरात माझ्या विलासची तसबीर वाहून गेली बघा, मधूभाऊ," शेवंता म्हातारी दारातच टेकली. "पोरगं जाऊन तीस वर्सं झाली. आता डोळं मिटलं तर त्याचं तोंडच दिसंना. तुमी त्याचे लई फोटो काढलेत. एक द्या."

मधूभाऊंनी पत्र्याची पेटी उघडली. गावातल्या पोरांची नवी फॅशन टिपायची आणि शिंप्यांच्या, न्हाव्यांच्या दुकानांत लावायला फोटो द्यायचे, यातच त्यांची उमर गेली होती. पँट कमरेखालून, केस मागून. "तोंड देवानं दिलंय, फॅशन तुमची स्वतःची!" असं म्हणून ते पोरांना हसवायचे.

विलासचे फोटो सापडले. जत्रेत ऑर्केस्ट्रापुढे थिरकणारी बेलबॉटम. सायकलच्या पायडलवर उंच टाचेचा बूट. खांद्यावर रुळणारे केस. मधूभाऊंनी पेटी तळापर्यंत उपसली. चेहरा एकाही फोटोत नव्हता.

म्हातारीनं केसांचा फोटो हातात घेतला, त्यावरून बोटं फिरवली.

"हे काप म्हणून रोज भांडायची मी त्याच्याशी," ती पुटपुटली.

मग लेकाचं तोंड बघायला तिनं फोटो हळूच पलटला.