अकरा नंबरची खुंटी

गुरुवारी संध्याकाळी पाचला सराव सुरू झाला, तेव्हा तालमीच्या फुटबॉल संघाचा अकरा नंबर मैदानात नव्हता. निम्मा हंगाम संपला होता. संघ दुसऱ्या स्थानावर, अठरापैकी अकरा गोल त्याचे. रविवारी जिंकलं तर पहिलं स्थान. पण सामना त्याच्या सासरच्या पेठेशी.

"सासूनं तांबडा-पांढरा वाढला असंल. आता कसला गोल मारतोय!" गोलकीपर म्हणाला. कुणी हसलं नाही.

प्रशिक्षकांनी फोन लावला. त्याच्या बायकोनं उचलला.

"सकाळीच बाहेर पडलेत, मामा. माझा भाऊ तिकडं गोलात उभारणार. मीच म्हटलं, त्याच्यासमोर खेळू नका."

प्रशिक्षक तालमीत आले. तालीम सोडणारा खेळाडू आपल्या खुंटीवरचे बूट नेतो आणि जर्सी धुऊन, घडी घालून ठेवतो, असा रिवाज.

अकरा नंबरच्या खुंटीवर बूट नव्हते. जर्सी मात्र लटकत होती, बुधवारच्या चिखलासकट; निरोप अजून अर्धाच होता.